चिमटी

डॉक्टर त्सिसाना म्हणाल्या, घाई नको.
दर रविवारी चिमटीत धरून बघा.
कातडी आतड्यापासून सुटी उचलली गेली
की मला फोन करा.

म्हणून चौदा महिने, रविवारी
चर्चमधून आलो की
शियो पलंगावर उताणा पडायचा, सदरा वर सारून,
आणि मी शेगडीवर हात शेकून घेऊन
अंगठ्याने नि तर्जनीने
माझ्या नवऱ्याचं झाकण तपासायचे.

द्राक्षांच्या दोन ओळींमधे ट्रॅक्टर उलटला,
स्टिअरिंग पोटात घुसलं.
तिबिलिसीत त्यांनी आतडं कापलं, शिवलं, पुन्हा कापलं.
सुजलेलं सगळं आत मावेना
तेव्हा एकोणीस दिवस पोट उघडंच ठेवलं,
वर पारदर्शक प्लास्टिक.
मग मांडीची कातडी सोलून थेट आतड्यांवर पसरली.
मधे स्नायू नाही, चरबी नाही,
दुधावरच्या सायीइतकाच आडोसा.

जेवण झालं की सायीखाली काहीतरी
सावकाश कूस बदलायचं.
नवऱ्याच्या पोटात काय आहे ते बायकोला कळत नाही म्हणतात.
मी तर बघत बसायचे,
वाल घातले तर किती वेळ लागतो, पाव किती वेळात जातो.

पूर्वी मेजवानीत खालचा सूर शियोचा असायचा.
वरच्या दोघांनी हवं तिकडे भटकावं,
हा जमिनीसारखा एका जागी.
आता साधं खोकायचं तरी
दोन्ही हातांनी पोट सावरायचा,
बाजारात पिशवी फाटल्यावर माणूस सावरतो तसा.
आवाज कुठून लावणार? टेकायला काही नव्हतं.

तळघरात पुरलेल्या रांजणांकडे बोट दाखवून
एकदा म्हणाला,
वाईन उसळते तेव्हा रांजण का फुटत नाही, माहितीय?
चारी बाजूंनी माती दाबून धरते म्हणून.
माझी माती गेलीय.
मी काही बोलले नाही. झाकणाच्या कडेचा चिखल ओला केला.

बासष्टाव्या रविवारी
कातडी माझ्या चिमटीत आली,
सुटी, थंड,
खालचं सगळं आपल्या जागी राहिलं.
मी चार वेळा बघितलं.
पाचव्यांदा तो ओरडला, अगं, फोन कर.

ऑपरेशनच्या महिनाभर आधी कुशींत सुया दिल्या,
श्रीमंत बायका सुरकुत्यांवर घेतात तेच औषध.
आखडलेले स्नायू सैल पडावेत म्हणून.
इलारियोन दादा हसून म्हणाला, आता तुझी कंबर तरी तरुण होईल.
शियोला हसवू नका, मी म्हटलं.

कागदावर डॉक्टरीणबाईंनी काढून दाखवलं:
कुशीत स्नायूंचे तीन थर,
त्यातला एक सोडवायचा,
मग बाकीचे मधे ओढले जातात,
दोन्ही काठ भेटतात.
आतली बाजू शिवायची, मागे जाळी अंथरायची.
आतडी इतके दिवस बाहेर राहिलीत,
त्या म्हणाल्या, घर विसरलीत.
एकदम आत कोंबली तर श्वास अडेल.

सात तास.
बाकावर माझ्या शेजारी एक बाई मोजे विणत होती,
टाचेपाशी चुकली, उसवलं,
परत चुकली.

बाहेर आला तेव्हा चार नळ्या, कमरेला रुंद पट्टा,
आणि मधोमध टाक्यांची उभी रेघ, वेडीवाकडी.
बेंबी नव्हती.
ठेवता आली नाही, त्या म्हणाल्या.
सासूबाई असत्या तर
याच गोष्टीवर रडल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी उशी पोटाशी धरून खोकला.
पोट फुगलं नाही.
आम्ही दोघंही त्या उशीकडे बघत राहिलो.

यंदा द्राक्षं उतरल्यावर मेज मांडलं.
तो टोकाला बसला, पट्टा सदऱ्याखाली.
वरचे दोघे सुरू झाले
आणि खालून एक आवाज आला, जाडसर, गंजलेला.
तिसऱ्या श्वासाला तुटला.
खालच्या सुरात सहाजण असतात,
एकाने श्वास घेतला तर पाच चालू राहतात,
कुणाला पत्ता लागत नाही.

मला लागला.
मी ताटं गोळा करत होते, थांबले,
तो परत येईपर्यंत.

रविवारी अजूनही तो सदरा वर करतो, सवयीने.
मी चिमटी घेते.
आता चांगली दुखते त्याला.